गावाचा आवाज, घरचा स्टुडिओ
कमी खर्चात ध्वनिमुद्रणाचं साहित्य कसं निवडावं?

आपल्या गावच्या दप्तरात काय काय असतं ते आठवून बघा. सातबारा असतो, आठ-अ असतो, जन्ममृत्यूची नोंद असते, घरपट्टी-पाणीपट्टीची वही असते. गावाच्या आवाजाची नोंद मात्र कुठंच नसते. जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ असलेल्या आजी, काकड्याच्या जुन्या चाली जाणणारे बुवा, सकाळी येणारा वासुदेव, जागरण-गोंधळ घालणारी मंडळी, गावच्या विहिरींचा आणि दुष्काळांचा इतिहास तोंडपाठ असलेले आबा. यातलं एक माणूस गेलं की त्याच्यासोबत एक अख्खं कपाट जातं. तलाठ्याकडं अर्ज करून त्याची नक्कल मिळत नाही.

हे काम होऊ शकतं, याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुण्यातून १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावांतल्या बायांकडून एक लाखाच्या वर ओव्या लिहून घेतल्या गेल्या आणि त्यातल्या हजारो ध्वनिमुद्रित झाल्या. पी. साईनाथ यांच्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून २०१७ पासून त्या लोकांसमोर येत आहेत. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, पण त्या बायांचा आवाज राहिला. कारण कुणीतरी वेळेवर माइक धरला.

तेव्हा त्यासाठी महागडी यंत्रं लागत. आज तसं नाही. मात्र आजची अडचण वेगळी आहे. भजनी मंडळानं वर्गणी काढली, शहरातल्या दुकानात गेले, दुकानदारानं जे दाखवलं ते उचललं आणि घरी आणून बघतात तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. मग मशीन कपाटावर आणि मंडळात भांडण. म्हणून पैसे कुठं घालावेत आणि कुठं घालू नयेत, हे आज पाहू.

आवाज आकड्यात कसा जातो?

डेअरीवर फॅट काढताना अख्खी किटली यंत्रात ओतत नाहीत, नमुना घेतात. डिजिटल ध्वनिमुद्रणातही आवाजाचे नमुनेच घेतले जातात, फक्त ते एका सेकंदाला हजारोंनी. सीडीवर जो आवाज असतो त्यात एका सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटच्या मापानं मोजलेला असतो. आजच्या साध्या साहित्यातही ४८,००० नमुने आणि २४ बिट सहज मिळतात. आपल्याला यापुढं जायची गरज नाही. दुकानदार ९६,००० आणि १,९२,००० असे आकडे सांगून जास्त पैसे मागेल. त्या आकड्यांनी बुवांचा गळा गोड होत नाही.

डिजिटलचा खरा फायदा नकलेत आहे. कॅसेटवरून कॅसेट काढली की आवाज दर खेपेला थोडा खराब व्हायचा. डिजिटल फाईलची शंभरावी नक्कलही पहिलीसारखीच राहते.

आवाजाचा रस्ता असा. माणूस बोलतो, माइक तो आवाज पकडतो, इंटरफेस नावाची छोटी डबी त्याचे आकडे करते, संगणक ते साठवतो आणि आपण हेडफोन लावून ऐकतो. या साखळीत जी कडी कच्ची, तेवढीच पक्की सगळी साखळी.

पहिला खर्च खोलीवर, तोही फुकटाचा

माइकच्या आधी खोली बघा. सिमेंटच्या स्लॅबची, फरशी घातलेली, रिकामी खोली सगळ्यात वाईट. टाळी वाजवून बघा. टाळीमागून 'टण्ण' असा आवाज आला, तर तो प्रत्येक शब्दामागून येणार. असा घुमारा एकदा आवाजात मिसळला की कुठल्याही सॉफ्टवेअरनं पुरता निघत नाही.

उपाय मात्र आपल्या घरातच आहेत. गोधड्या, वाकळा, गाद्या, धान्याची भरलेली पोती. मऊ आणि जाड वस्तू आवाज पिऊन टाकतात. गाणाऱ्याच्या समोरच्या आणि पाठीमागच्या भिंतीला दोरी बांधून जाड गोधड्या सोडा, खाली सतरंजी अंथरा. पोत्यांची थप्पी लावलेली माजघराची खोली कित्येकदा चांगली ठरते. अंड्यांचे कागदी ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला लोक देतात, पण त्यानं फारसा उपयोग होत नाही. बाहेरचा आवाज तर मुळीच थांबत नाही.

पत्र्याची खोली पावसाळ्यात निकामी. पंखा, फ्रिज, पिठाची गिरणी, मोटार, गोठ्यातली जनावरं, सगळ्यांचा विचार आधी करा. शेतीची वीज कोणत्या वेळी येते आणि कुणाच्या मोटारी कधी सुरू होतात, हे तुम्हाला माहीत असतंच. त्याप्रमाणं वेळ धरा. शहरातल्या स्टुडिओला शांतता विकत घ्यावी लागते. आपल्याला दुपारची एखादी निवांत घटका साधता येते.

माइक कोणता घ्यावा?

माइक मुख्यतः दोन जातींचे. एक डायनॅमिक, दुसरा कंडेन्सर. डायनॅमिक दणकट असतो, त्याला वेगळी वीज लागत नाही आणि तो जवळचा आवाज घेऊन लांबचा बराचसा सोडून देतो. कंडेन्सर नाजूक. त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टची वीज द्यावी लागते, तिला फँटम पॉवर म्हणतात. तो बारीकसारीक सगळं पकडतो, म्हणजे गळ्यातली हरकतही आणि शेजारच्या आळीतला कोंबडाही.

दुकानदार बहुतेक वेळा कंडेन्सर पुढं करतो. दिसायला तो भारी, जाहिरातीत तोच. पण गोधड्या लावूनही ज्या खोलीत बाहेरचा आवाज येतो, तिथं पहिला माइक डायनॅमिकच घ्या. या जातीतला शुअर कंपनीचा एसएम ५८ हा माइक १९६६ पासून बाजारात आहे आणि गावच्या स्टेजवरही तुम्ही पाहिला असेल. त्याच्या नकली प्रती मात्र फार निघाल्या आहेत. बिल आणि गॅरंटी घेतल्याशिवाय घेऊ नका. त्याहून स्वस्त, दुसऱ्या नामांकित कंपन्यांचे डायनॅमिक माइकही आपल्या कामाला पुरतात.

आजींचा आवाज बारीक असेल, त्या हळू गात असतील आणि खोली खरोखर शांत असेल, तरच कंडेन्सरचं सोनं होतं. मग तो दुसऱ्या खेपेला घ्या.

एकट्या माणसाचंच बोलणं भरायचं असेल, म्हणजे गोष्टी, आठवणी, शेतीची माहिती, तर यूएसबी माइक हा सोपा मार्ग. तो थेट संगणकाला लागतो, इंटरफेस लागत नाही. तोटा एवढाच की पुढं दुसरा माइक जोडायचा म्हटलं तर पंचाईत होते. भजनी मंडळानं म्हणून यूएसबीच्या वाटेला जाऊ नये. तीन कड्यांचा, एक्सएलआर जोडणीचा माइक घ्यावा.

इंटरफेस आणि हेडफोन

संगणकाच्या बारीक भोकात माइक लावून भागेल असं कुणी सांगेल. आवाज येतो, पण त्याबरोबर खरखरही येते. म्हणून इंटरफेस हवा. फोकसराईटची स्कारलेट मालिका आणि बेहरिंगरच्या स्वस्त डब्या ही या क्षेत्रातली परिचित नावं. जाहिरात म्हणून नव्हे, दुकानात विचारताना उपयोगी पडावीत म्हणून ही नावं देत आहे. घेताना चार गोष्टी विचारा. एक्सएलआर माइकसाठी जागा किती आहेत? ४८ व्होल्ट आहे का? गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये थेट ऐकू येण्याची सोय आहे का? आणि आपल्या संगणकाच्या विंडोजवर ती डबी चालते का?

एकट्याच्या कामाला एका माइकची डबी पुरे. भजनी मंडळाला दोन माइकची घ्या. आठ माइकची डबी घेऊन सहा भोकं रिकामी ठेवण्यात शहाणपणा नाही. मात्र दोनाची गरज असताना एकाची घेतली, तर वर्षभरात दुसरी घ्यावी लागते.

हेडफोन वायरचे आणि कान पूर्ण झाकणारे घ्या. ब्लूटूथचे या कामाला घेऊ नका, कारण त्यात आवाज थोडा उशिरा पोचतो. पेटीच्या सुरावर पुन्हा गाणं भरायचं म्हटलं तर ताल चुकतो. उघड्या बांधणीच्या हेडफोनमधला आवाज बाहेर येऊन माइकमध्ये शिरतो, म्हणून बंद बांधणीचे बघा. मोठे स्पीकर सध्या नकोत.

माइक, स्टँड, वायर, दोन माइकची डबी आणि हेडफोन, हे सगळं साध्या प्रतीचं घेतलं तर एका चांगल्या दुभत्या म्हशीच्या किमतीच्या चौथाईत बसायला हरकत नाही. स्टँड आणि वायर विसरू नका. हातात धरलेल्या माइकमध्ये हाताचा खडखडाट येतो.

सॉफ्टवेअर फुकट आहे, चोरीचं घेऊ नका

ऑडॅसिटी हे नाव लिहून ठेवा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी त्याचं काम १९९९ मध्ये सुरू केलं आणि २००० मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. पैसे लागत नाहीत. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि साध्या संगणकालाही झेपतं. आवाज भरणं, नको तो भाग कापणं, लहानमोठा करणं, खरखर कमी करणं, एवढं त्यात होतं. गावाच्या कामाला यापलीकडं फारसं लागत नाही.

पेटी, पखवाज, गळा असं सगळं वेगवेगळ्या पट्ट्यांवर भरून नंतर जुळवायचं असेल, तर रीपर हे सॉफ्टवेअर बघा. ते ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. पुढं घरगुती आणि लहान वापरासाठी परवाना ६० डॉलरचा आहे. ज्यांच्याकडं ॲपलचा संगणक किंवा फोन आहे, त्यांना त्याच कंपनीचं गॅरेजबँड फुकट मिळतं.

'पन्नास हजाराचं सॉफ्टवेअर पाचशे रुपयात टाकून देतो' असं म्हणणारा भेटेल. त्याच्या नादी लागू नका. एक तर तो गुन्हा. दुसरं म्हणजे अशा चोरीच्या प्रतींबरोबर व्हायरस येतो आणि त्याच संगणकावर ग्रामपंचायतीचं काम असेल तर तेही जातं. ऑडॅसिटीसुद्धा तिच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. तिच्या नावानं दुसरंच काही गळ्यात मारणारे आहेत.

नवा संगणक घ्यायची घाई करू नका. मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला लॅपटॉप बहुधा चालतो. हात पैशानं अगदीच आखडलेला असेल तर मोबाईलपासून सुरू करा. फोन विमान मोडवर टाका, म्हणजे मध्येच घंटी वाजणार नाही. वेव्ह पद्धतीत आवाज भरणारं ॲप घ्या आणि कॉलरला लावायचा वायरचा छोटा माइक जोडा. फोन खिशात ठेवून भरलेल्या आवाजापेक्षा हे कितीतरी बरं. शेतात, जत्रेत, पालखीत फिरून भरायचं असेल तर झूम किंवा टास्कम कंपनीचा हातातला रेकॉर्डर उपयोगी. त्याला संगणक लागत नाही, सेलवर चालतो.

भरायच्या दिवशी

पहिली गोष्ट, लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आपली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसलं की चार्जरमधून 'हूं' असा एकसुरी आवाज येतो. चार्जर काढला की तो बहुतेक वेळा जातो. वीज गेली तरी काम थांबत नाही, हा दुसरा लाभ.

दुसरी गोष्ट, गाणाऱ्याचं तोंड माइकपासून सुमारे एक वीत असावं, माइक थोडा तिरका. अगदी ओठाला लावला तर आवाज जाड होतो आणि 'प', 'फ', 'भ' म्हणताना फुंकर आदळते. हात-दीड हात लांब गेला तर खोलीच जास्त ऐकू येते.

तिसरी गोष्ट, आवाजाची पातळी. पडद्यावरची पट्टी मोठ्यात मोठ्या आवाजाला उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिली पाहिजे. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नीट शिवता येत नाही. कमी भरलेला आवाज नंतर वाढवता येतो. म्हणून आधी मंडळाला सगळ्यात जोरात गायला सांगा, त्यावर पातळी धरा, मग सुरुवात करा.

चौथी गोष्ट, बैठक. भजनात टाळ आणि पखवाज गळ्याला झाकून टाकतात. एक माइक मुख्य गायकाला द्या. दुसरा पेटी-पखवाजाच्या समोर दोन-तीन हातांवर ठेवा. टाळकऱ्यांना मागं बसवा. बुवांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर मानापमान होतो.

पाचवी गोष्ट, सुरुवातीला दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसा आणि ती शांतता भरून घ्या. त्या नुसत्या खोलीच्या आवाजावरून ऑडॅसिटी खरखर ओळखते आणि कमी करते. हा उपाय मिठासारखा वापरा. जास्त झाला की माणूस पाण्यात बुडून गातोय असं वाटतं.

मग गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, कुणाकडून शिकले, हे त्यांच्याच तोंडून भरून घ्या. वीस वर्षांनी ते गाण्याइतकंच मोलाचं ठरेल.

साठवण: बियाण्यासारखी

मूळ आवाज वेव्ह फाईलमध्ये ठेवा. ४८,००० नमुने, २४ बिट आणि एक पट्टी या हिशोबानं एका तासाला अर्धा जीबीच्या आसपास जागा लागते. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर सुमारे १,९०० तास मावतात. रोज एक तास भरलं तरी पाच वर्षं पुरेल. दोन माइक असतील तर याच्या निम्मं धरा. एमपी३ ही लोकांना वाटायची प्रत. १२८ केबीपीएसला ती मिनिटाला सुमारे एक एमबी होते, पण त्यात आवाजाचा काही भाग कायमचा गळतो. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्येही आवाज दाबला जातो. चांगली प्रत पाठवायची तर फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. बियाणं वेगळं, खायचं धान्य वेगळं, तसंच मूळ प्रत वेगळी आणि वाटायची वेगळी.

तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. उदाहरणार्थ एक लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, एक ग्रामपंचायतीच्या कपाटात किंवा पुण्या-मुंबईच्या लेकाकडं. पेन ड्राईव्हवर भरवसा ठेवू नका, तो नेण्या-आणण्यासाठी. फाईलच्या नावात गाव, नाव, तारीख लिहा. 'नवीन रेकॉर्डिंग १७' या नावानं पुढं काही सापडत नाही.

ज्यांचा आवाज, त्यांचा हक्क

कॉपीराईट कायदा १९५७ चा आहे. त्यात १९९४ च्या दुरुस्तीनं सादर करणाऱ्या कलावंतालाही हक्क मिळाला. आज तो ५० वर्षांचा आहे. म्हणून आजींना, शाहिरांना आधी विचारा. हे कुणाला ऐकवणार, इंटरनेटवर टाकणार का, पैसे मिळाले तर वाटा किती, हे साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा घ्या. सही येत नसेल तर वाचून दाखवा आणि 'मान्य आहे' हे शब्दही भरून घ्या. संतांचे अभंग सगळ्यांचे आहेत. पण सिनेगीताच्या चालीवर बसवलेलं भजन तसं नाही. ती चाल कुणाच्या तरी मालकीची असते. ते इंटरनेटवर टाकण्याआधी विचार करा.

सरपंचांनी आणि कारभाऱ्यांनी काय करावं?

ग्रामसभेत विषय ठेवा. कुणाकुणाचा आवाज भरायचा त्याची यादी करा आणि सगळ्यात वयस्कर नाव सगळ्यात वर लिहा. खर्च पंचायतीतून करायचा असेल तर कोणत्या निधीतून चालतो, हे पंचायत समितीत आधी विचारून घ्या. तीन कोटेशन मागवा, पण 'रेकॉर्डिंग सेट १ नग' असं मोघम लिहू नका. माइकची जात, डबीला माइकच्या किती जागा, ४८ व्होल्ट, वायरची लांबी, स्टँड, गॅरंटी, हे सगळं लिहा. मोघम मागणीला मोघम माल येतो. साहित्य जडसंग्रह नोंदवहीत चढवा, आणि कुणाच्या ताब्यात आहे तेही लिहा.

शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना हे काम शिकवा. ती महिन्याभरात तरबेज होतात. भरलेला आवाज जवळच्या सामुदायिक रेडिओला द्या. साताऱ्यातल्या म्हसवडचा माणदेशी तरंग २००८ पासून लोकांच्या बोलीत बोलतो आहे. २००६ च्या धोरणानं कृषी विज्ञान केंद्रं, कृषी विद्यापीठं आणि स्वयंसेवी संस्थांनाही असा रेडिओ काढायची वाट मोकळी केली. मात्र परवान्याशिवाय घरीच ट्रान्समीटर लावू नका. तो गुन्हा आहे.

शेवटी एवढंच सांगणं. साहित्य पुढच्या वर्षी स्वस्त होईल, याहून चांगलं येईल. म्हणून थांबावंसं वाटेल. पण यादीत सगळ्यात वर ज्यांचं नाव आहे, त्यांचं वय थांबत नाही. हातात साधा फोन असेल तर त्यावर आजच सुरुवात करा. या सुगीनंतर माइक घ्या. यंत्र बदलून मिळेल, आवाज मिळणार नाही.